हिमवादळाची गोष्ट पुण्यात बसून लिहिताना

वादळ पहिल्याच पानावर आणू नका. आधी ऊन दाखवा. १२ जानेवारी १८८८ ला अमेरिकेतल्या डाकोटा-नेब्रास्काच्या माळावर सकाळ उबदार होती, म्हणून कितीतरी मुलं जाड कोट न घालताच शाळेत गेली. मग वादळ आलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. गोष्टीचा जीव त्या घरी राहिलेल्या कोटात आहे.

तिथलं घर गवताळ मातीच्या ढेपांचं. आसपास झाडं नाहीत, म्हणून शेगडीत पीळ घातलेलं वाळकं गवत.

तो बर्फ कापसासारखा नव्हता, पिठासारखा बारीक होता. हे नुसतं वाचून मला उमगलं नाही. नारायण पेठेतल्या गिरणीत जात्यापाशी उभी राहिले. पापण्या पांढऱ्या झाल्या, श्वासासाठी तोंड फिरवावं लागलं. तेव्हा कुठे वाक्य सुचलं.

भीतीसाठी घरातल्या थोरल्यांना बोलतं करा. माझी आजी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराबद्दल सांगायची, तेव्हा पाण्याबद्दल थोडंच बोलायची. स्टोव्हवर अर्धा शिजलेला भात तसाच टाकून निघाली, हे मात्र दरवेळी सांगायची. तुमच्या पात्राच्या हातूनही असंच काहीतरी अर्धवट राहू द्या.