वर्गातल्या वर्तनाची बेसलाइन कशी घ्यावी

बेसलाइन म्हणजे उपाय सुरू करण्याआधी वर्तन किती वेळा होतं, याची रोजची मोजणी. 'चंचल' मोजता येत नाही. 'तास चालू असताना न विचारता बाकावरून उठणं' मोजता येतं. आधी अशी व्याख्या लिहा आणि मुलाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. त्याला शंका आली तर पुन्हा लिहा. रोज तोच विषय, तीच 20 मिनिटं. चार-पाच दिवसांतून एकदा दुसऱ्या निरीक्षकाला वेगळं बसवून मोजायला लावा. दोघांचा मेळ 80 टक्क्यांच्या खाली गेला, तर व्याख्या सैल आहे.

आता खरा अवघड भाग: बेसलाइन थांबवायची कधी?

'तीन दिवस पुरतात' असं सर्रास सांगतात. मीही ते मानलं होतं. दुसरीतला एक मुलगा तीन दिवसांत 14, 11, 8 वेळा उठला. चौथ्या दिवसापासून स्टिकरचं बक्षीस सुरू केलं. आकडे आले 5 आणि 2. शाळेत सगळे खूश. घरी आलेखावर पट्टी ठेवली, तर पहिल्या तीन बिंदूंची रेघ सरळ 5 आणि 2 मधूनच पुढे जात होती. स्टिकरचा उपयोग झाला की नाही, हे कळायची वाटच मी बंद केली होती. मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या परक्या माणसाची त्याला सवय होत गेली, एवढंही कारण पुरेसं होतं.

तेव्हापासून पहिले दोन दिवस मी वर्गात नुसता बसतो, नोंद करत नाही. मग किमान पाच बिंदू, आणि आलेख रोजच्या रोज. रेघ आपणहून सुधारणेकडे झुकत असेल, तर काहीही सुरू करू नका. बिघडत असेल तर हरकत नाही. उपाय लागू पडला तर ती वळलेली दिसेल. आकडे फार वरखाली होत असतील तर आधी कारण शोधा. पी.टी.नंतरचा तास आणि सकाळचा पहिला तास एकाच आलेखात घातलेले मी पाहिले आहेत.

'आज कहर झाला, आजच सुरू करा,' असं बाई कळवळून म्हणतील. त्या दिवशी तर मुळीच नको. सगळ्यात वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा आपोआपच बरा जातो आणि श्रेय उपायाला मिळतं.

मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. शाळेच्या जुन्या नोंदी आणि आईवडिलांनी सांगितलेलं, एवढ्यावर काम सुरू करा.