एका जहाजाची नऊ नावं

दुसऱ्या महायुद्धात साध्या मालवाहू जहाजाचा वेष घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं गाठणाऱ्या जर्मन हल्लेखोर जहाजांवर प्रबंध लिहायला घेतला आणि कोणतं जहाज कधी, कुठे दिसलं याचा चुकीचा तक्ता पहिले आठ महिने मी भरत बसलो. आजही आठवलं की कान गरम होतात. तुम्हीही याच विषयावर लिहिणार असाल, तर नाकेबंदीचे (शत्रूच्या समुद्री वाटा अडवण्याचे) नियम, सागरी युद्धाचे नियम ठरवणारा 1856चा पॅरिस जाहीरनामा, खोटा झेंडा कुठवर चालतो, हे तुम्हाला येतं असं धरतो. मी अडकलो ते नावांत.

अटलांटिस हे असंच एक हल्लेखोर जहाज घ्या. मूळचं मालवाहू गोल्डनफेल्स. जर्मन नौदलाच्या कागदांत ‘शिफ 16’. ब्रिटिशांना खरं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांच्या दप्तरात ‘रेडर सी’, म्हणजे ‘हल्लेखोर C’. सोंगं वेगळीच: 1940 साली बाहेर पडताना सोव्हिएत ‘किम’, मग जपानी ‘कासी मारू’, नॉर्वेजियन ‘तामेसिस’, डच ‘अब्बेकेर्क’. शेवटच्या दिवशी ‘आम्ही पॉलिफेमस’ अशी थाप. मी शिफ 16 आणि रेडर सी या दोन वेगळ्या नौका धरल्या, दोघींनी बुडवलेली-पकडलेली जहाजं वेगळी मोजली, आणि अटलांटिसच्या 22 जहाजांचा हिशेब भलताच फुगला. त्यात कासी मारू, तामेसिस, अब्बेकेर्क या नावांची खरी जहाजंही होती! म्हणजे नोंदीत ‘अब्बेकेर्क दिसलं’ असेल, तर ते खरोखरच अब्बेकेर्क असू शकतं. तेव्हा पहिल्या रकान्यात तारीख आणि अक्षांश-रेखांश लिहा, दुसऱ्यात नोंद कोणाची ते. नाव सगळ्यात शेवटी, तेही पेन्सिलीनं.

नेटवरचे तयार तक्ते उचलू नका. मी उचलले होते. माझ्या तेव्हाच्या मार्गदर्शकांनी न वाचताच ‘छान’ असा शेरा मारला. प्रत्येक ओळीला ‘हे कुठून आणलंस?’ असं विचारून जीव नकोसा करणारा माणूस शोधा. तोच कामाचा.

आणि एवढं घाबरूही नका, या वेषानं भलेभले फसले. 19 नोव्हेंबर 1941 रोजी ऑस्ट्रेलियन क्रूझर (युद्धनौका) सिडनी, स्वतःला ‘स्ट्राट मलाका’ म्हणवणाऱ्या कोर्मोरान या जर्मन हल्लेखोर जहाजाच्या अगदी जवळ गेली. गुप्त खूण विचारली. कोर्मोरानकडे उत्तर नव्हतं, तिनं तोफा डागल्या. सिडनीवरचे सगळे 645 जण गेले. तीनच दिवसांनी, 22 तारखेला, ब्रिटिश क्रूझर डेव्हनशायर अटलांटिसपासून लांबच राहिली. खरं पॉलिफेमस इथं असू शकतं का, असं तिनं बिनतारी संदेशानं वरिष्ठांना विचारलं आणि उत्तर येईपर्यंत कळ काढली. ‘नाही’ आल्यावर मारा केला.

सिडनीची हकिगत आपल्याला कळते ती कोर्मोरानच्या वाचलेल्या तीनशेहून अधिक खलाशांकडून. शत्रूची साक्ष म्हणून मी ती आधी सरळ बाजूला टाकली होती. तेही चूकच. 2008 मध्ये दोन्ही जहाजांचे अवशेष सापडले आणि त्या साक्षी मुख्य मुद्द्यांवर खऱ्या ठरल्या. (1914 मध्ये एम्डेन या जर्मन क्रूझरला संपवणारी सिडनी वेगळी, बरं का. इथेही मी एकदा घसरलो.)

प्रबंधात नाकेबंदीचं प्रकरण वेगळं काढू नका. जर्मनीहून बाहेर पडायच्या उत्तरेकडच्या वाटांवर ब्रिटिश गस्त होती म्हणून तर ही सोंगं लागली.

माझा तक्ता आता आटून निम्माच उरलाय. दोन ओळींत नावाचा रकाना अजून रिकामा आहे, आणि तो भरायची मला घाई नाही.