पोट सुटलेल्यांनी किल्टवर कोणतं जॅकेट घ्यावं?

आधी किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा) वर घ्या. किल्टची जागा जीन्ससारखी पोटाखाली नाही, बेंबीपाशी. तो घसरला की वेस्टकोटखालून शर्टाची पांढरी पट्टी डोकावते आणि दोष बिचाऱ्या जॅकेटला मिळतो.

रात्रीच्या समारंभाला सर्रास घेतात ते प्रिन्स चार्ली जॅकेट. ते समोरून आखूड असतं आणि उघडंच घालायचं असतं. त्यामुळे पोटापाशी सगळी नजर वेस्टकोटवर जाते. तीन बटणांचा वेस्टकोट किल्टची वरची कड निदान दोन इंच झाकेल एवढा लांब शिवून घ्या. बसून पाहा: बटणांपाशी आडव्या चुण्या पडल्या तर एक माप मोठं हवं.

आमची पसंती मात्र आर्गाइल जॅकेटला. ते थोडं लांब असतं, कमरेची बाजू झाकतं, आणि पाच बटणांच्या वेस्टकोटची उभी रांग अंग सडसडीत दाखवते. काळ्या कापडावर चांदीची बटणं असली की संध्याकाळीही चालतं. नेहमीच्या सुटाचा कोट मात्र नको, तो स्पोरनवर (किल्टच्या पुढे लटकवलेल्या बटव्यावर) लोंबतो.

माँट्रोझ डब्लेट हे आखूड, बंद जॅकेट टाळलेलं बरं: बटणांच्या दोन रांगा, वर रुंद पट्टा, आणि बक्कल नेमकं पोटावर. वेस्टकोट असेल तिथे पट्टा लावूच नका.