मोठा अहवाल वर्डमध्ये नीट कसा बांधावा: स्टाइल आणि आउटलाइन लेव्हल

समजा, सोलापूरच्या गिरण्यांवर प्रकल्प अहवाल लिहायचाय. प्रत्येक प्रकरणाचं नाव बोल्ड, मोठं, मधोमध असं हाताने सजवलंत तर आपल्याला ते शीर्षक दिसतं. वर्डच्या लेखी मात्र तो नुसता ठळक मजकूर. मग अनुक्रमणिका हातानेच टाइप करा, आणि गाइड सरांनी मध्येच दोन पानं वाढवायला सांगितली की सगळे पान नंबर पुन्हा तपासा.

यावर उपाय म्हणजे स्टाइल: ‘ही ओळ शीर्षक आहे’ असं वर्डला सांगणारं, नाव दिलेलं तयार रूप. सजावटीआधी शीर्षकांच्या पायऱ्या ठरवा. ‘जुनी गिरणी’ हे प्रकरण म्हणजे हेडिंग १. त्याखाली ‘सुरुवात, १८७७’ आणि ‘कामगार वस्त्या’ हे हेडिंग २. हेडिंग ३ च्या खाली सहसा उतरू नये, वाचणारा हरवतो.

१. शीर्षकाच्या ओळीत कर्सर ठेवून होम टॅबवरच्या स्टाइल्समधून हेडिंग १ निवडा. शॉर्टकट कंट्रोल+ऑल्ट+१, लिबरऑफिस रायटरमध्ये (वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर) कंट्रोल+१.

२. रंग-आकार आवडला नाही तर त्या ओळीला हात लावू नका. स्टाइलवर राइट क्लिक करून मॉडिफाय उघडा. एकदा बदललं की सगळी प्रकरणं बदलतात. मराठीवाले इथेच अडतात. साइज वाढवली तरी देवनागरी जागची हलत नाही, कारण तिचा फॉन्ट आणि साइज वेगळ्या ठिकाणी असतात: मॉडिफाय, फॉरमॅट, फॉन्ट, आणि तिथला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सचा भाग. रायटरमध्ये हा भाग दिसत नसेल तर ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर तो चालू करावा लागतो.

३. व्ह्यूमधून नेव्हिगेशन पेन, म्हणजे बाजूला सगळ्या शीर्षकांची यादी दाखवणारा भाग, उघडा (रायटरमध्ये एफ५). ‘१९३० चा मार्शल लॉ’ हे प्रकरण ‘यंत्रमाग’च्या आधी हवंय? शीर्षक माउसने ओढून वर न्या, खालचा सगळा मजकूर सोबत जातो.

४. ‘ऋणनिर्देश’ प्रकरणासारखा दिसायला नको, पण अनुक्रमणिकेत हवा. त्यासाठी नवी स्टाइल करा आणि तिच्या पॅराग्राफ सेटिंगमध्ये आउटलाइन लेव्हल (शीर्षकाची पायरी) १ द्या. उलट मुखपृष्ठावरच्या नावाला हेडिंग १ लावू नका, तेही अनुक्रमणिकेत जाऊन बसेल. त्याच्यासाठी टायटल ही स्टाइल आहे.

५. रेफरन्सेस टॅबवरून टेबल ऑफ कंटेंट्स घाला. तयार नमुन्यात पहिल्या तीन पायऱ्या येतात.

डीटीपीवाल्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलं असेल, तर नेव्हिगेशन पेनमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तिथे स्टाइलचा दोष नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

अनुक्रमणिका आपोआप ताजी होत नाही. बाइंडिंगला देण्याआधी तिच्यावर क्लिक करून एफ९ दाबा, पूर्ण टेबल अपडेट करा आणि मगच पीडीएफ काढा.