सापडलेला जीवाश्म दाखवावा कसा

चारमथच्या किनाऱ्यावर भरती सुरू व्हायची वेळ झाली की माणसं परतायला लागतात. तीन-चार तास वाकून दगड पाहिल्यामुळे पाठ अवघडलेली असते, बूट चिखलाने माखलेले असतात. समोरून कुणी अनोळखी आला की पहिला प्रश्न एकच, “काय मिळालं?” मग खिशातून हात बाहेर येतात. एखाद्याच्या तळहातावर बोराएवढा सोनेरी अमोनाईट असतो, कुणाकडे बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता बेलेम्नाईट, तर नशीब असेल त्या दिवशी इक्थिओसॉरचा मणका. पहिले दोन स्क्विडच्या नात्यातले, नामशेष झालेले सागरी प्राणी: अमोनाईटचं गुंडाळलेलं कवच उरतं, बेलेम्नाईटचा शरीरातला कठीण भाग. इक्थिओसॉर म्हणजे माशासारखा दिसणारा, समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. तिथेच वाऱ्यात उभं राहून एकमेकांचं पाहून होतं आणि मगच माणसं गाडीकडे वळतात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनमध्ये सुमारे 155 किलोमीटरचा हा पट्टा आहे. 2001 साली तो जागतिक वारसा ठरला. चारमथ आणि शेजारचं लाईम रीजिस या दोन गावांभोवतीचे कडे सुमारे 19 ते 20 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या गाळाचे आहेत. हे कडे सतत ढासळतात, समुद्र तो ढिगारा धुतो आणि आतले जीवाश्म मोकळे होतात. ब्रिस्टलला राहायला आल्यापासून आम्ही घरचे सगळे दर हिवाळ्यात तिथे जातो. या लेखात शोधण्याबद्दल थोडं आहे, दाखवण्याबद्दल जास्त. कारण किनाऱ्यावर ज्या दगडाने पाच जणांना थांबवलं, त्याचाच गालिच्यावर ठेवून काढलेला अंधुक फोटो पाहून कुणी थांबत नाही. दोष दगडाचा नसतो. त्याच्याबरोबर जे यायला हवं होतं, ते आलेलं नसतं.

जाण्याआधी

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच निघा. ओहोटी चालू असताना किनाऱ्यावर उतरायचं आणि पाणी वळायच्या सुमारास परतीला लागायचं. चारमथ आणि लाईमच्या मधल्या ब्लॅक व्हेनच्या कड्याखाली भरतीत अडकलं तर वर चढायला वाट नाही. समोर समुद्र आणि मागे पाय ओढून घेणारा चिखल, अशी गत होते. कड्याच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नका, दगड कधीही सुटतात. वादळानंतरचे हिवाळ्यातले दिवस शोधासाठी उत्तम आणि दरडींसाठी सर्वांत वाईट, हे दोन्ही लक्षात ठेवा.

किनाऱ्यावर सुटा पडलेला जीवाश्म उचलायला इथे मुभा आहे. परवानगीशिवाय कडा खोदायला मनाई आहे. दगड फोडायचाच असेल तर भूशास्त्रातला हातोडा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, कारण सुतारकामाच्या हातोडीच्या कपच्या उडतात. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं हातोडीची गरजच पडत नाही. वाळू आणि गोट्यांच्या सीमेवर, जिथे लाट जड खडे एका ओळीत मांडून जाते, तिथे बसून नुसतं पाहावं. सोनेरी अमोनाईट पायराईटचे, म्हणजे लोहगंधकाचे असतात. वजनदार असल्यामुळे ते त्या ओळीतच गोळा होतात.

उचलण्याआधी एक फोटो

हा टप्पा नवखे हटकून चुकवतात. मोह समजतो, पण दोन मिनिटं थांबा. दगड जसा पडला आहे तसा एक फोटो जवळून घ्या. दुसरा चार पावलं मागे सरून घ्या, त्यात मागचा कडा दिसू द्या. फोनमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा. पुढे कुणी “हा कुठल्या थरातला?” असं विचारलं, तर मागच्या कड्याच्या रंगावरून आणि पट्ट्यांवरून जाणकार बरंच सांगू शकतो.

मग वहीत दोन ओळी लिहा: तारीख, जागा, आणि दगड सुटा होता की खडकात रुतलेला. शेवटची गोष्ट फार मोलाची. सुटा दगड लाटेने अर्ध्या मैलावरूनही आणलेला असू शकतो, रुतलेला मात्र आपल्या थराचा पत्ता सांगतो. प्रत्येक नग वेगळ्या कागदात गुंडाळा आणि त्यावर क्रमांक टाका. संध्याकाळपर्यंत आठवेल असं वाटतं, पण दहा अमोनाईट एका पिशवीत गेले की कुठला कुठे मिळाला ते कुणालाच आठवत नाही.

घरी आल्यावर धुणं आणि वाळवणं

पायराईटच्या जीवाश्माचा शत्रू दमट हवा. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की पायराईटचं हळूहळू लोहाच्या सल्फेटमध्ये आणि गंधकाम्लात रूपांतर होतं. आधी पांढरट-पिवळी पूड दिसते, गंधकासारखा वास येतो, मग भेगा पडतात. माझा पहिला चांगला अमोनाईट असाच गेला. रुपयाएवढा होता, प्रत्येक बरगडी, म्हणजे कवचावरची उंचवट्याची रेघ, स्पष्ट. स्नानगृहालगतच्या खिडकीत कौतुकाने ठेवला होता. दोन वर्षांनी डबीत फक्त भुगा उरला, आणि त्या डबीत ठेवलेली चिठ्ठीसुद्धा आम्लाने जळून तपकिरी झाली होती. तेव्हापासून पुढची पद्धत मी एकदाही चुकवलेली नाही.

आणलेले नग गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि आठवडाभर पाणी रोज बदलायचं. मीठ निघून जाणं महत्त्वाचं. मऊ ब्रशने, जुना दात घासायचा ब्रश चालतो, चिखल काढायचा. मग पूर्ण वाळवायचं. त्यासाठी उन्हात किंवा शेगडीवर ठेवू नका, उबदार कोरड्या खोलीत कागदावर चार-पाच दिवस राहू द्या. शेवटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच पुड्या, फेकू नका. पुड्या ओलावा शोषून थकतात, तेव्हा त्या अधूनमधून बदला.

चकाकी यावी म्हणून तेल लावणं किंवा नखांना लावायचं रंगहीन पॉलिश फासणं टाळा. फोटोत दगड तेवढा चमकतो, पण बारीक नक्षी बुजते आणि ओळख पटवणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

फोटो

महागडा कॅमेरा लागत नाही. उजेड मात्र नीट हवा.

वरून पडणारा दिवा किंवा फोनचा फ्लॅश बरगड्यांमधल्या सावल्या पुसून टाकतो आणि अमोनाईट नाण्यासारखा सपाट दिसतो. खिडकीपाशी जा, दगड अशा तऱ्हेने ठेवा की उजेड डावीकडून, थोडा वरून आणि तिरपा येईल. जीवाश्मांच्या शास्त्रीय चित्रांत उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच यावा असा जुना संकेत आहे. तो पाळला की पाहणाऱ्याच्या डोळ्याला उंचवटा आणि खळगा यांत गोंधळ होत नाही. उजव्या बाजूला पांढरा कागद उभा धरा, म्हणजे गडद सावलीतही तपशील दिसतो.

खाली एकरंगी कागद किंवा कापड हवं, फुलाफुलांची चादर नको. शेजारी मोजपट्टी ठेवा. नाण्यापेक्षा मोजपट्टी बरी, कारण पौंडाचं नाणं केवढं असतं हे नाशिकच्या मावशीला कसं कळणार?

एकाच बाजूचा फोटो पाठवू नका. अमोनाईट असेल तर दोन्ही बाजू आणि कडेवरून बाहेरची धार घ्या. त्या धारेवर कणा आहे की खाच, यावरून प्रजातीचा अंदाज बदलतो. कवच झिजलेलं असेल तर पृष्ठभागावर नागमोडी, पानांच्या कडांसारख्या रेषा दिसतात. आतल्या कप्प्यांच्या भिंती कवचाला जिथे जोडलेल्या होत्या, त्यांच्या त्या खुणा. त्यांचा एक फोटो अगदी जवळून घ्या. हाड असेल तर तुटलेली बाजू जरूर दाखवा, कारण आतली जाळीदार, स्पंजासारखी रचना पाहूनच ते हाड आहे की नुसता दगड हे ठरतं.

चार ओळी लिहाव्या

फोटोसोबत माप, जागा, तारीख आणि सुटा की रुतलेला, एवढं तर हवंच. पण एक पथ्य पाळा: तुम्हाला जे दिसलं ते आधी लिहा आणि जे वाटतं ते नंतर. “मध्ये खळगा असलेली काळी चकती, व्यास 4 सेंटीमीटर, दोन्ही बाजू अंतर्वक्र, मला इक्थिओसॉरचा मणका वाटतो,” असं लिहिलं की वाचणारा स्वतः विचार करतो. “इक्थिओसॉर सापडला!” असं लिहिलं की तो एकतर मान डोलावतो किंवा भांडायला येतो.

आणि सापडवणाऱ्याचं नाव लिहा. तुमच्या मुलीला मिळालं असेल तर मुलीचं. याच किनाऱ्यावर मेरी ॲनिंग (1799–1847) नावाची गरीब सुताराची मुलगी आयुष्यभर जीवाश्म शोधत होती. 1823 साली तिने प्लेसिओसॉरचा, म्हणजे लांब मानेच्या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा, पूर्ण सांगाडा काढला. पुढच्या वर्षी लंडनच्या विद्वानांच्या सभेत त्यावर भाषण झालं, त्यात तिचा उल्लेख नव्हता. तिथे बायकांना प्रवेशही नव्हता. आज लाईमला तिच्या घराच्या जागेवर संग्रहालय उभं आहे. पण ती हयात असताना एक ओळ लिहायला कुणाचं काय गेलं असतं, असं मला प्रत्येक वेळी तिथे वाटतं.

दुसऱ्याचं पाहताना

दाखवणं जितकं शिकावं लागतं तितकंच पाहणंही. हातात दिलेला नग दोन्ही हातांनी, टेबलाच्या किंवा वाळूच्या जवळ धरून पाहावा. भिंग असेल तर काढावं. “छान आहे” म्हणून परत देण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: पहिल्यांदा काय दिसलं होतं, कड की बरगडी? सांगणाऱ्याचा चेहरा खुलतो, आणि तुम्हाला त्याची नजर मिळते. ज्यांच्या आत जीवाश्म दडलेला असू शकतो असे गोलाकार करडे गोटे मी ओळखायला शिकलो ते अशाच एका निवृत्त आजोबांच्या उत्तरातून.

किंमत विचारू नये. कुणाची खास जागा चारचौघांत सांगू नये. आणि एखादं पोर झिजलेला, अर्धा अमोनाईट घेऊन धावत आलं तर तो वीस कोटी वर्षांपूर्वी पोहत होता, हे त्याला जरूर सांगावं. ओळख चुकली असेल तर हळुवार सांगावं, पण सांगावंच. चारमथच्या किनाऱ्यालगतच्या केंद्रातले लोक हे फार सुंदर करतात. तुमचा दगड नुसता दगड असला तरी तो असा का दिसतो हे समजावून देतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

काही मोठं हाती लागलं तर

ओढू नका, फोडू नका. फोटो घ्या आणि जाणकाराला कळवा. पश्चिम डॉर्सेटमध्ये शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाच्या जीवाश्मांची नोंद करायची पद्धत आहे, आणि नोंद केली तरी मालकी सापडवणाऱ्याचीच राहते. तेव्हा लपवण्याचं कारणच नाही.

2022 साली डॉर्सेटमधल्याच किमरिजच्या किनाऱ्यावर एका हौशी संग्राहकाला प्लिओसॉरच्या, म्हणजे मोठ्या डोक्याच्या शिकारी सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या, मुस्कटाचं टोक मिळालं. त्याने ते स्टीव्ह एचेस यांना दाखवलं. एचेस हे पूर्वी नळजोडणीचं काम करायचे आणि सुट्टीत जीवाश्म गोळा करायचे, आज किमरिजमध्ये त्यांच्या संग्रहाचं संग्रहालय आहे. ड्रोनने कडा तपासला, उरलेली कवटी उंचावर सापडली, आणि दोरांना लोंबकळत ती काढली. दोन मीटर लांबीची कवटी. ते टोक कुणाच्या कपाटात गेलं असतं तर बाकीची कवटी समुद्राने खाल्ली असती.

सॉमरसेटमधल्या ब्लू अँकरची गोष्टही तशीच. 2020 साली एका बापलेकीला तिथे मोठ्या हाडाचे तुकडे दिसले. मुलगी 11 वर्षांची. त्यांनी ज्या शास्त्रज्ञाला लिहिलं, त्याच्याकडे त्याच किनारपट्टीवर दुसऱ्या हौशी माणसाला 2016 मध्ये मिळालेल्या तशाच जबड्याची माहिती होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले आणि 2024 मध्ये इक्थिओटायटन ही अवाढव्य इक्थिओसॉरची नवी प्रजाती जाहीर झाली. लांबीचा अंदाज 25 मीटरच्या आसपास.

गावाकडून येणारे फोटो

सह्याद्रीत भटकणारे भाऊ-मित्र मला अधूनमधून दगडांचे फोटो पाठवतात. बहुतेकांना उत्तर एकच द्यावं लागतं: आपला सह्याद्री लाव्हाचा, बेसॉल्टमध्ये जीवाश्म जवळपास नसतात. गारगोटीतली झाडासारखी दिसणारी नक्षी खनिजांची असते, शेवाळाची नव्हे. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ अडकला आहे, तिथे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि वनस्पती मिळतात. नागपूरच्या परिसरात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकात असे जीवाश्म गोळा केले होते. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला तर जीवाश्म उद्यान आहे. तिथून काही उचलू नका, फोटो आणि जागेची नोंद जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला द्या.

आणि अमोनाईट पाहायचाच असेल तर आजीच्या देवघरात पाहा. गंडकीचा शाळिग्राम म्हणजे काळ्या दगडात बंद झालेला अमोनाईट, त्यावरचं चक्र म्हणजे त्याच्या कवचाचा ठसा. आमच्या घरच्या शाळिग्रामाचा फोटो मी चारमथला त्याच आजोबांना दाखवला, मोजपट्टीसकट. त्यांनी भिंग काढलं, फोनवर धरलं, आणि पहिला प्रश्न विचारला, “कुठे मिळाला, आणि कुणाला?” मी आईला फोन लावला. पणजोबांनी काशीहून आणला होता, एवढंच तिला ठाऊक होतं. ते मी चिठ्ठीवर लिहून घेतलं. पुढच्या खेपेला देवघरात, त्याच्या डबीत ठेवायची आहे.