पुण्यातून अमेरिकेच्या प्रायमरीत मत कसं द्यायचं

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये बावीस वर्षं काढून आम्ही पुण्यात परतलो, पण नागरिकत्व अमेरिकेचंच ठेवलं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत आमच्यासारखे बरेच जण मत देतात. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, मात्र सोडून देतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या तिथल्या भागात नोव्हेंबरचा निकाल बहुतेक आधीच ठाऊक असतो. खरी निवड होते ती जूनमध्ये, पक्षाचा उमेदवार ठरताना. म्हणून दर जानेवारीत चार-पाच ओळखीची मंडळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि आम्ही फॉर्म भरतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे फक्त अमेरिकन नागरिकांसाठी आहे. ग्रीन कार्डवर मत देता येत नाही. फॉर्मसुद्धा भरू नका, त्यातून मोठी अडचण होऊ शकते.

फॉर्मचं नाव फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन, तोंडी एफपीसीए. मतदारनोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी दोन्ही याच एका कागदावर होतात. १९८६च्या कायद्याने परदेशी राहणाऱ्या नागरिकांना हा हक्क दिला आणि त्यात प्रायमरीही येते. फॉर्म एफव्हीएपी, म्हणजे परदेशातल्या मतदारांना मदत करणारा अमेरिकन सरकारी उपक्रम, याच्या संकेतस्थळावर मिळतो. तो दर वर्षी नव्याने भरायचा. मागच्या वर्षी भरला होता म्हणून यंदा मतपत्रिका आपोआप येईल असं धरून चालू नका.

पत्त्याच्या रकान्यात लोक अडखळतात. घर विकलं, आता तिथे आपलं कोणी नाही, मग काय लिहायचं? अमेरिका सोडण्याआधी जिथे शेवटचं राहत होतात तोच पत्ता. आम्ही अजूनही एडिसनचं जुनं घर लिहितो, तिथे आज दुसरं कुटुंब राहतं तरी. जन्मतारीख लिहिताना महिना आधी, मग दिवस. इथे राहून हाताला उलटी सवय लागते, तेव्हा तेवढं जपा.

परत जायचा विचार आहे की नाही, हेही विचारतात. खरं ते लिहा. परतण्याचं नक्की नाही असं मी लिहिते, त्यामुळे मला फक्त राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि हाउस या फेडरल पदांची मतपत्रिका मिळते. केवळ फेडरल पदांसाठी मत दिल्याने करात फरक पडत नाही. ही भीती मी फार जणांकडून ऐकली आहे.

आता पक्षाचा रकाना. तो ऐच्छिक दिसतो म्हणून लोक रिकामा सोडतात आणि नेमकी प्रायमरीची मतपत्रिका हुकते. न्यू जर्सीत एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी कळवावं लागतं. टेक्सससारख्या राज्यात पक्षाची कायमची नोंद नसते, पण कोणाची प्रायमरी हवी ते सांगावंच लागतं. तुमच्या राज्याचा नियम एफव्हीएपीच्या पानावर एकदा वाचून घ्या.

मतपत्रिका ईमेलने मागवा. २००९च्या कायद्याप्रमाणे ती फेडरल निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी पाठवायला हवी. न्यू जर्सीत भरलेली मतपत्रिका ईमेलने पाठवता येते, पण मूळ कागद टपालानेही धाडावे लागतात. पेनसिल्व्हेनियात ती टपालानेच परत जाते. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतही लिफाफा देता येतो, पण पोचायला चार आठवडे धरा. मतपत्रिका वेळेत आलीच नाही तर एफडब्ल्यूएबी नावाची पर्यायी मतपत्रिका आहे. तिच्यावर उमेदवाराचं नाव स्वतः लिहायचं.

सहीबद्दल माझा अनुभव सांगते. २०२२ साली मी इथल्या बँकेतली सही केली, नोंदणीवरची सही वेगळी होती. सही जुळत नाही अशी ईमेल आली, फॉर्म भरून दिला आणि मत धरलं गेलं. तेव्हापासून जुन्या सहीची प्रत फायलीत ठेवली आहे, आणि लिफाफ्यावर सही करण्याआधी ती समोर ठेवते.

राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षी आणखी एक वाट असते. डेमोक्रॅट्स अब्रॉड ही संघटना पक्षात एखाद्या राज्यासारखी मानली जाते. २००८पासून ती परदेशस्थ नागरिकांची स्वतःची प्रायमरी घेते आणि पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अधिवेशनाला स्वतःचे प्रतिनिधी पाठवते. सभासदत्व फुकट आहे. नियम एकच, राष्ट्राध्यक्षपदासाठी मत एकदाच द्यायचं, राज्यात किंवा इथे. इथे दिलं तर राज्याच्या प्रायमरीत बाकीच्या पदांसाठी मत देता येतं. रिपब्लिकन पक्षात अशी सोय नाही, त्यांच्या मतदारांनी राज्याचीच मतपत्रिका मागवावी.

न्यू जर्सीवाल्यांना आणखी थोडं. पूर्वी पक्षाच्या स्थानिक नेत्यांच्या पसंतीचे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच रांगेत यायचे, त्याला काउंटी लाइन म्हणत. मार्च २०२४मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती थांबवली. त्या जूनची मतपत्रिका पदांनुसार मांडलेली होती आणि मी पहिल्यांदाच सगळी नावं नीट वाचली. नवऱ्याला मोठ्याने वाचूनही दाखवली.

शेजारच्यांची मुलगी पुण्यात जन्मली, अमेरिकेत कधी राहिली नाही, पण नागरिक आहे. काही राज्यं अशा मुलांना आईवडिलांच्या शेवटच्या पत्त्यावरून मत देऊ देतात. ती नुकतीच अठराची झाली. येत्या जानेवारीत तिलाही टेबलाशी बोलावलं आहे.