वायपर ब्लेड घरच्या घरी बदलताना

ब्लेड बदलणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. स्क्रूड्रायव्हरही सहसा लागत नाही. तरीही नवी जोडी बसवल्यावर काच पुसली जात नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. बऱ्याचदा त्यात दोष ब्लेडचा नसतो, काचेचा किंवा दांड्याचा, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या वायपरच्या हाताचा असतो. म्हणून खरेदीला जाण्याआधी काचेवर पाणी मारून वायपर चालवावा आणि तो नेमकं काय करतोय ते नीट पाहावं.

दर फेरीला एकाच जागी बारीक रेघ उमटत असेल, तर रबराच्या धारेवर तिथे चीर गेलेली असते किंवा रेतीचा कण अडकलेला असतो. ओला फडका दोन बोटांत धरून धारेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. काळी घाण निघून रेघ गेली, तर खर्च वाचला. एक रुंद पट्टा कोरा राहत असेल, तर ब्लेडची सांगाडी वाकली आहे किंवा तिचा बाक गेला आहे, आणि तिथे दाब पडत नाही. ते ब्लेड बदलायलाच हवं. वर जाताना गप्प आणि खाली येताना थरथर, किंवा उलट, अशी एकाच दिशेची थरथर असेल तर रबर एका अंगाला वळून कडक झालंय, नाहीतर दांडा पिळला गेलाय. दोन्ही दिशांना खरखर आणि मागे धुरकट थर राहत असेल, तर काचेवर मेण किंवा तेलाचा थर आहे. तशा काचेवर महागातलं नवं ब्लेडही तेच करणार.

रबर कितीही चांगलं असो, उन्हाने ते कडक होतंच. साधारण सहा महिने ते वर्षभर हे त्याचं आयुष्य. गाडी कायम उघड्यावर उभी असेल तर त्याहून कमी.

माप इंचात असतं. जुन्या ब्लेडचं रबर टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, कारण चालकाच्या बाजूचं ब्लेड बहुतेक गाड्यांत लांब असतं. २४ आणि १६ इंच अशी जोडी असू शकते. फक्त मिलिमीटरची पट्टी असेल तर २५.४ ने भागा. ६०० मिमी म्हणजे २३.६, साधारण २४ इंच. एखादा इंच आखूड चालून जातं. लांब मात्र घेऊ नका. लांब ब्लेड शेजारच्यावर आपटतं किंवा काचेच्या कडेच्या पट्टीवर चढतं, आणि काचेच्या बाकावर टोकं नीट टेकत नाहीत.

मापाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे दांड्याचं टोक. सर्वांत जास्त दिसतो तो छत्रीच्या मुठीसारखा वळलेला हुक. दुसऱ्या प्रकारात दांडा सरळ असतो आणि ब्लेडवरचं बटण दांड्याच्या चौकोनी भोकात अडकतं. काहींत दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायच्या क्लिपा असतात, काहींत दांड्याच्या कुशीतून आडवी पिन निघते. नव्या ब्लेडला बहुधा हुकाचा अडॅप्टर लावलेला असतो आणि बाकीचे पाकिटात सुटे मिळतात. पाकीट लगेच फेकून देऊ नका.

आता काढायचं. इग्निशन बंद करा. पाऊस ओळखणारा सेन्सर असेल तर ऑटो मोडही बंद करा. काही गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपलेले असतात. ते जोर लावून उचलले तर रंग खरवडतो. अशा गाड्यांना सर्व्हिसची ठेवण असते: इग्निशन बंद केल्यावर काही सेकंदांत स्टिअरिंगजवळची वायपर चालू-बंद करायची कांडी दाबली की वायपर काचेच्या मध्यावर येऊन उभे राहतात. काहींत हेच स्क्रीनच्या मेनूतून करावं लागतं. गाडीच्या पुस्तिकेत पद्धत दिलेली असते.

दांडा उचलण्याआधी जाड टॉवेलची घडी काचेवर, दांडा जिथे पडेल तिथे ठेवा. या कामातला खरा धोका इथेच आहे. दांड्याला जोरकस स्प्रिंग असते. ब्लेड असताना दांडा निसटला तर रबर धक्का झेलतं. ब्लेड काढल्यावर निसटला तर लोखंडी टोक थेट काचेवर बसतं आणि काच तडकते. ब्लेडचा खर्च कुठे आणि काचेचा कुठे!

एका वेळी एकच बाजू करा, म्हणजे कसं बसलं होतं ते पाहायला दुसरी शाबूत राहते. हुकाच्या दांड्यात ब्लेड दांड्याला काटकोनात फिरवा. हुकाच्या पोटात प्लॅस्टिकची छोटी जीभ दिसेल. ती अंगठ्याने दाबून धरा आणि ब्लेड दांड्याच्या बुडाकडे, म्हणजे खाली ढकला. हुक मोकळा झाला की ब्लेडच्या खाचेतून दांडा बाहेर काढा. बटणाच्या प्रकारात दिशा उलटी: बटण दाबायचं आणि ब्लेड दांड्याच्या टोकाकडे ओढायचं. निघत नाही म्हणून जोर वाढवण्याआधी दिशा बरोबर आहे ना ते पाहा. बहुतेक क्लिपा चुकीच्या दिशेने ओढल्यामुळेच तुटतात. धुळीने घट्ट बसलं असेल तर सांध्यावर पाणी मारून ब्लेड थोडं मागेपुढे हलवा. आडव्या पिनेचं ब्लेड अडकवणारी कडी उचलून बाजूला सरकवायचं. दांड्याच्या बुडाशी प्लॅस्टिकच्या टोपीखाली नट असतो, त्याला मात्र हात लावू नका. तो सुटला आणि दांडा एखादा दात इकडेतिकडे बसला, तर वायपर भलत्याच जागी थांबायला लागतो.

ब्लेड काढलं की दांडा हळूच टॉवेलवर टेकवा आणि काच धुवून घ्या. आधी शाम्पू-पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कपड्यावर घेऊन. बोट फिरवल्यावर खरबरीत लागलं तर क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा. नव्या रबराला मात्र अल्कोहोल, पेट्रोल, डिझेल असं काहीही लावू नये. पुष्कळ ब्लेडच्या धारेवर ग्रॅफाइटचा थर दिलेला असतो, तो निघून जातो आणि वायपर किरकिरायला लागतो.

बसवताना रबरावरचं संरक्षक प्लॅस्टिक काढा. हे राहून गेल्याने ‘नवं ब्लेड पुसतच नाही’ म्हणणारे कमी नाहीत. हुक ब्लेडच्या खाचेतून घाला आणि ब्लेड दांड्याच्या टोकाकडे ओढा. ‘टक्क’ असा आवाज यायलाच हवा. आवाज आला तरी ब्लेड धरून दोन्ही दिशांना ओढून पाहा, कारण अर्धवट अडकलेलं ब्लेड भर पावसात उडतं आणि उघडा दांडा काचेवर ओरखडे काढत राहतो. बिनसांगाडीच्या चपट्या ब्लेडला पाठीवर वाऱ्याचा पंख असतो. त्याची उताराची बाजू बॉनेटकडे हवी, म्हणजे वारा ब्लेडला काचेवर दाबतो.

दांडे हाताने धरून काचेवर टेकवा, सोडून देऊ नका. टॉवेल काढा. मग भरपूर पाणी मारून आधी हळू, नंतर वेगात चालवा. कोरड्या काचेवर चालवू नये. पाहायचं ते फेरीच्या दोन्ही टोकांना: ब्लेड एकमेकांना लागत नाहीत ना, आणि दिशा बदलताना रबराची धार उलट्या अंगाला कलंडते ना. पहिल्या काही फेऱ्यांत हलका फराटा दिसला तर घाबरू नका.

तरीही एकाच दिशेने थरथर असेल तर वायपर काचेच्या मध्यावर थांबवा आणि टोकाकडून पाहा. धार काचेला काटकोनात उभी दिसली पाहिजे. ती कललेली असेल तर दांडा पिळला गेलाय. पाना लावून तो सरळ करता येतो, पण बेताचा जोर कळला नाही तर दांडा कायमचा जातो. हे काम गॅरेजकडे दिलेलं बरं.

सांगाडी धड असेल तर नुसतं रबर, म्हणजे रिफिल, घालूनही भागतं. जुन्या रबरातल्या दोन धातूच्या पट्ट्या जपून ठेवा. त्यांच्या कडेच्या खाचा आतल्या बाजूला आणि बाक पूर्वीसारखाच आला पाहिजे. रबर सांगाडीच्या प्रत्येक पंजातून, म्हणजे रबर धरणाऱ्या आकड्यातून, ओवलं गेलं का ते मोजून पाहा. एक पंजा जरी सुटला तरी तो काचेवर घासतो. जुनं रबर ज्या टोकाला अडकत होतं, नवंही त्याच टोकाला अडकवा.

मागच्या काचेचा वायपर वेगळा. त्याचा दांडा बऱ्याचदा थोडाच उचलला जातो आणि बांधणी प्लॅस्टिकची असते. ब्लेड दांड्यापासून काटकोनाकडे फिरवून सरळ बाहेर ओढलं की सहसा निघतं. इथे सगळ्या गाड्यांना चालणारं ब्लेड शोधत बसू नका, त्याच मॉडेलचं घ्या.